मूकपटांतील भयाचें मूळ

हिंदुस्थानांतील भयपटाचा आरंभ बॉम्बे टॉकीजनें १९४९ सालीं काढलेल्या 'महल' या बोलपटापासून धरण्याची रीत चित्रपटांविषयीं लिहिणाऱ्यांत रूढ आहे. ओसाड वाडा, त्यांतील तसबीर, रात्रीं ऐकूं येणारें गाणें, पूर्वजन्माची ओढ ही सर्व सामग्री त्यांत आहे. त्याचे छायालेखक योसेफ विर्शिंग हे जर्मन असल्यामुळें जर्मन मूकपटांची काळोखी छाया त्यावर पडली, हेंही खरें. परंतु एवढ्यावरून हा प्रकार परदेशांत तयार होऊन आमच्याकडे आला, येथें त्यास मूळ म्हणून नव्हतें, असें जें अनुमान काढण्यांत येतें तें आम्हांस मान्य नाहीं. प्रस्तुत लेखांत त्याची तपासणी करावयाची आहे. आणि ती मुंबई अगर कोल्हापुरापासून न करतां औरंगाबाद, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील पैठणापासून आरंभावयाची आहे.

वेताळपंचविशी मराठी घरांतून लहानथोरांस ठाऊक आहे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनीं ती १८३० सालीं मराठी गद्यांत आणली, म्हणजे मराठी मुद्रणाच्या बाल्यावस्थेंतच ती ग्रंथरूप झाली. लोकांच्या तोंडीं ती उज्जनीच्या विक्रमाची म्हणून चालते. परंतु काश्मीरच्या सोमदेवानें अकराव्या शतकांत राणी सूर्यमतीच्या मनोविनोदार्थ जो कथासरित्सागर रचला, त्यांत हा राजा उज्जनीचा नाहीं. तो गोदातीरींच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आमच्या पैठणचा आहे, व त्याचें नांव त्रिविक्रमसेन आहे. क्षांतिशील नांवाचा भिक्षु दहा वर्षें रोज त्यास एक फळ आणून देतो. एके दिवशीं माकडानें फळ फोडतांच आंतून रत्न निघतें. मग कृष्ण चतुर्दशीच्या रात्रीं राजा स्मशानांत जातो आणि शिंशपेच्या झाडावर लोंबणाऱ्या प्रेताची दोरी तोडतो. प्रेत खालीं पडतांच दुखावल्यासारखें ओरडतें. माणूस अजून जिवंत असावा अशा समजुतीनें राजा दयेनें त्याच्या अंगावरून हात फिरवितो, तों तें प्रेत खदखदां हंसूं लागतें.

पुढील कोड्यांवर पंडितांनीं पुष्कळ लिहिलें आहे. या हंसण्यावर फारसें कोणी लिहिलें नाहीं. आमच्या मतें भयकथेचें सारें मर्म त्यांत आहे. जें प्रेत म्हणून घेतलें तें जिवंत निघालें, जिवंत म्हणून स्पर्श केला तों तें प्रेतच ठरलें, आणि हा उलगडा डोळ्यांनीं न होतां हाताच्या स्पर्शानें झाला. हा स्पर्श वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. कीचकाच्या प्रकरणीं तो पुनः यावयाचा आहे.

याच ग्रंथाच्या आरंभीं गुणाढ्याची कथा आहे व तीही प्रतिष्ठानचीच आहे. सातवाहन राजाच्या दरबारचा हा पंडित पैजेंत हरून संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा सोडतो, विंध्यारण्यांत काणभूति नांवाच्या पिशाचाकडून कथा ऐकतो, आणि पैशाची भाषेंत सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा शाईच्या अभावीं स्वतःच्या रक्तानें लिहितो. राजानें ती तुच्छ मानून परत केल्यावर तो एकेक पान पशुपक्ष्यांस वाचून दाखवितो व अग्नींत टाकतो. सहा लक्ष श्लोक जळाल्यावर राजा धांवत येतो. उरलेलें एक लक्ष वांचतात. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे, हें सांगणें नकोच. पण पिशाचाची भाषा, रक्ताची शाई आणि जळणारें हस्तलिखित या तिन्ही गोष्टी एकाच नगराशीं निगडित करून पूर्वजांनीं सांगितल्या, यावरून भयकथेचें माहेर त्यांना कोठें वाटत होतें हें स्पष्ट होतें.

शब्दांत जें पैठणीं झालें तें दगडांत वेरुळास झालें. दशावतार लेण्यांत, म्हणजे पंधराव्या क्रमांकाच्या लेण्यांत, राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा लेख आहे. त्याच लेण्यांत भैरवरूप शिव अंधकासुरास शूलावर घेत आहे व खालीं अस्थिचर्म उरलेली काली रक्ताची वाट पाहत बसली आहे. रावण की खाई व रामेश्वर या नांवांनीं प्रसिद्ध असलेल्या चौदाव्या व एकविसाव्या लेण्यांत सप्तमातृकांच्या शेजारीं काळाची मूर्ति निव्वळ सांगाड्याची आहे; तिच्या फांसळ्या मोजून घ्याव्या. दिवसां, बाहेरचा उजेड आंत येत असतां, ही मूर्ति केवळ विलक्षण वाटते. मशालीच्या किंवा दिव्याच्या हलत्या उजेडांत छाया हलूं लागतात व सांगाड्यास हालचाल आल्याचा भास होतो. दिव्यानें चित्रास गति देणें हीच पुढें सिनेमाची क्रिया ठरली.

मूर्ति जागची हलत नाहीं. कथा सांगत फिरणाऱ्यास फिरतें चित्र हवें. चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, चित्रें दाखवून कथा सांगणाराचा उल्लेख आहे. पुढें या वृत्तीच्या लोकांस चित्रकथी म्हणूं लागले. त्यांचीं जीं चित्रें अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील म्हणून संग्रहालयांत आहेत, त्यांच्या एका मोठ्या गटास पैठणी शैली हें नांव पडलें आहे. सावंतवाडीच्या आश्रयानें पिंगुळीस वाढलेली शैली याहून निराळी. पैठणी चित्रांत रंग भडक, डोळे मोठे, मुखें एकबाजूचीं, आणि राक्षस दांत विचकलेले. दोन चित्रें पाठीस पाठ लावून चिकटविलेलीं असतात. कथेकरी एक बाजू दाखवितो, वाद्याच्या तालावर प्रसंग सांगतो आणि नेमक्या क्षणीं चित्र फिरवितो. राक्षस मागील बाजूस अगोदरच असतो, फक्त दिसत नसतो. पाहणारास तो येणार हें ठाऊक असूनही केव्हां येणार हें ठाऊक नसतें. चित्रपटांत दोन दृश्यांच्या सांध्यावर भय उत्पन्न करण्याची जी युक्ति आहे, ती हीच होय असें म्हणण्यास आम्हांस हरकत दिसत नाहीं.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पैठणच्या वेताळापासून कोल्हापूरच्या चित्रशाळेपर्यंत अखंड वंशावळ जोडून दाखविण्याचा आमचा हेतु नाहीं. साम्य म्हणजे वंश नव्हे. आणि साम्याच्या जोरावर वंशावळी रचण्याच्या छंदानें संशोधनाचें नुकसानच अधिक झालें आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, यंत्र परदेशांतून आलें तेव्हां त्यापुढें बसणारा प्रेक्षक कोरा नव्हता.

यंत्राचा इतिहासही भयानेंच सुरू होतो. हॉलंडांतील ख्रिस्तियान हॉयगेन्स यानें १६५९ सालीं जादूच्या दिव्याकरितां जीं चित्रें रेखाटलीं त्यांत एक सांगाडा आहे. तो आपलीच कवटी मानेवरून काढून हातांत घेतो व पुनः बसवितो. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीनंतर रॉबर्टसन या नांवानें वावरणाऱ्या गृहस्थानें १७९९ सालापासून पॅरिसमधील कापुसिन मठाच्या पडीक वास्तूंत 'फँटॅस्मागोरिया' नांवाचे खेळ केले. दिवा चाकांवर ठेवून पडद्यामागून पुढें ढकलला कीं भूत मोठें होत प्रेक्षकांच्या अंगावर येई. नुकत्याच झालेल्या शिरच्छेदांची आठवण ताजी असलेल्या लोकांपुढें हे खेळ होत, हें त्यांच्या यशाचें एक कारण असलें पाहिजे.

आमच्याकडे हा दिवा मराठी नांव घेऊन फिरला. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ सालापासून 'शांबरिक खरोलिका' या नांवानें खेळ केले. शांबरी म्हणजे माया, शंबरासुराची विद्या. यंत्रास असुराचें नांव देण्यांत पटवर्धनांची रसिकता दिसते. कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें व एकापेक्षां अधिक दीप यांच्या साहाय्यानें ते आकृतीस हालचाल आणीत, आणि सोबत कथन चाले. चित्रकथ्याचा कागद कांचेचा झाला व वाद्याच्या जोडीस दीप आला, एवढाच काय तो फरक.

रंगभूमीचीही साक्ष काढली पाहिजे. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस सीतास्वयंवर नाटक केलें, तेव्हांपासून पौराणिक नाटकांत राक्षसपार्टीचें प्रस्थ होतें. राळेचा भडका उडवून, आरोळ्या ठोकीत राक्षस येत. त्या आरोळीवरूनच या नाटकांस थट्टेनें 'अललडुर्र' हें नांव मिळालें. नव्या शिकलेल्यांनीं त्यांचा उपहास केला. मुलें मात्र त्या भडक्यानें आईच्या कुशींत शिरत.

१८९६ च्या जुलैच्या ७ तारखेस मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत लूमिएर बंधूंचीं चलच्चित्रें दाखविण्यांत आलीं. त्याच वर्षीं पॅरिसमध्यें जॉर्ज मेलिएस यानें 'सैतानाचा वाडा' हा सुमारें तीन मिनिटांचा पट घेतला: वटवाघूळ आंत उडत येतें, त्याचा सैतान होतो, कढईंतून माणसें निघतात, सांगाडा प्रकट होतो, शेवटीं क्रूस दाखवितांच सैतान नाहींसा होतो. जगांतील पहिला भयपट म्हणून याचा उल्लेख होतो. बरेच दिवस तो नष्ट झाला असें मानीत. १९८८ सालीं न्यूझीलंडांत त्याची प्रत हातीं आली. लूमिएर यांच्याही १८९७-९८ च्या सुमाराच्या एका पटांत नाचतां नाचतां सुटा होणारा सांगाडा आहे. मेलिएस हा धंद्यानें जादूगार होता. १८९८ च्या एका पटांत त्यानें आपलेंच मस्तक काढून टेबलावर ठेवलें. काळा पडदा व एकाच फितीवर दोनदां छायालेखन, एवढ्यावर हें साधतें.

आमचे दादासाहेब फाळके हेही जादूगार होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनीं कौतुकानें सांगितली आहे, पण तिचें महत्त्व त्यांच्या ध्यानीं आल्याचें दिसत नाहीं. बडोद्यास एका जर्मन जादूगाराकडून विद्या शिकून त्यांनीं फाळके हें नांव उलटें करून 'प्रोफेसर केल्फा' म्हणून खेळ केले होते. राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशनमध्यें लागला; त्याची कथाच स्मशानापर्यंत जाते. पण आमच्या विषयास अधिक उपयोगी असा पट म्हणजे १९१८ चा श्रीकृष्णजन्म. त्याचा कांहीं भाग सुदैवानें शिल्लक आहे. त्यांत कंसास जिकडेतिकडे कृष्ण दिसूं लागतो. भयानें तो सैरावैरा होतो. त्याचें मस्तक धडावेगळें होऊन वर जातें व पुनः खालीं येऊन जागेवर बसतें. हॉयगेन्सच्या सांगाड्यानें १६५९ सालीं जें केलें, मेलिएसनें १८९८ सालीं जें केलें, तेंच येथें मथुरेच्या राजाकडून करविलें आहे.

तरीपण श्रीकृष्णजन्मास भयपट म्हणावयास आम्ही तयार नाहीं. भरतानें भयानक हा स्वतंत्र रस मानला व भय हा त्याचा स्थायिभाव सांगितला. आतां पाहावें तों या प्रसंगीं भितो कोण? कंस. प्रेक्षक भीत नाहीं. कंसाची फजिती पाहून तो टाळ्या वाजवितो, कारण येणारा कृष्ण त्याचा आपला आहे. भय पडद्याच्या आंत आहे. पडद्याबाहेर आहे तो अद्भुत व भक्ति. पौराणिक मूकपटांतील बहुतेक भयाची हीच व्यवस्था आहे. भयाचा प्रकार स्वतंत्र होण्यास तें पडद्यावरील पात्रांतून निघून खुर्चीवरील माणसांत शिरलें पाहिजे. हें केव्हां घडलें, हाच खरा प्रश्न आहे.

आमच्या मतें तें १९२० च्या फेब्रुवारींत, पुण्याच्या आर्यन सिनेमांत घडलें. बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला पट सैरंध्री तेथें लागला होता. बाबूराव मूळचे नाटकाचे पडदे रंगविणारे. बंधु आनंदराव यांच्यासह चित्रपटाचा ध्यास घेऊन ते बसले. आनंदराव १९१६ सालीं वारले. बाबूरावांनीं कॅमेरा स्वतः घडविला व कोल्हापूरच्या तानीबाई कागलकर यांच्या द्रव्यसाह्यानें कंपनी उभी केली. सैरंध्रींत भीम बाळासाहेब यादव व कीचक झुंझारराव पवार हे होते. दोघेही अंगापिंडानें दांडगे. झुंज खोटी वाटण्याचा प्रश्न नव्हता. कीचकाचा वध इतका खरा वाटला कीं प्रेक्षकांतून, विशेषेंकरून स्त्रियांतून, किंकाळ्या उठल्या व कित्येकांस भोंवळ आली, असें त्या काळच्या आठवणी सांगणारांनीं नमूद केलें आहे. लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांस 'सिनेमा केसरी' ही पदवी व सुवर्णपदक दिलें. आणि वधाचा तो भाग पुढें पटांतून कापून टाकावा लागला.

यावर एक आक्षेप येण्याजोगा आहे: हा भयानक नव्हे, बीभत्स, रक्त पाहून भोंवळ येणें म्हणजे भय नव्हे. आक्षेप वजनदार आहे, परंतु तो घेणारानें कीचकवधाचा प्रसंग महाभारतांत पुनः वाचावा. रात्रीची वेळ, ओस पडलेली नृत्यशाळा, काळोख. सैरंध्री शय्येवर आहे अशा समजुतीनें कीचक जवळ जातो व स्पर्श करतो. शय्येवर सैरंध्री नसून भीम असतो. पैठणच्या राजानें प्रेताच्या अंगावरून हात फिरविला व प्रेत हंसलें; येथें कामुकानें हात लावला व मृत्यु उठून बसला. रचना एकच आहे. काळोखांत कोण आहे हें प्रेक्षकास ठाऊक आहे व कीचकास नाहीं, यामुळें वधापूर्वींचा प्रत्येक क्षण ताणला जातो. त्या ताणाचें नांव भय हेंच आहे. बीभत्स त्याच्या मागून येतो. व्यासांनीं भीमाकडून कीचकाचे हातपाय धडांत दडपवून मांसाचा गोळा करविला आहे, तोही बीभत्स खरा. पण स्त्रिया ओरडल्या त्या केवळ गोळा पाहून नव्हे.

शिवाय ही गोष्ट नाट्यशास्त्राच्या विरुद्ध होती. रंगभूमीवर वध प्रत्यक्ष दाखवूं नये, असा भरताचा दंडक आहे. बाबूरावांनीं तो मोडला, आणि पडद्यावर मोडला, जेथें मुख जवळून दिसतें.

सैरंध्रीच्या वेळीं प्रेक्षकांच्या मनांत आणखीही एक कीचक असला पाहिजे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें कीचकवध नाटक १९०७ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हें न सांगतां सर्वांस समजलें आणि १९१० सालीं सरकारनें तें बंद केलें. ज्या पुण्यानें तें नाटक पाहिलें व बंद झालेलें पाहिलें, त्याच पुण्यांत दहा वर्षांनीं भीमानें कीचकाचा चेंदामेंदा केला. भोंवळ व टाळ्या एकाच प्रेक्षागृहांत कां आल्या याचा उलगडा येथें होतो. १९१८ च्या कायद्यान्वयें मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथें १९२० सालीं परिनिरीक्षण मंडळें स्थापन झालीं, हा योगही विसरतां कामा नये. सैरंध्रीची कात्री भीतीमुळें चालली कीं राजकारणामुळें, या वादांत दोन्ही कारणें एकमेकांस पोषक होतीं असें धरणें आम्हांस सयुक्तिक वाटतें.

त्याच फेब्रुवारी महिन्यांत, २६ तारखेस, बर्लिनमध्यें 'डॉक्टर कॅलिगारीचें कपाट' हा पट प्रथम लागला. भयपटाचे इतिहास लिहिणारे बहुधा येथून मोजणी करतात. वाकड्या भिंती, रंगविलेल्या सावल्या, झोंपेंत खून करणारा माणूस यांच्या योगें जर्मनांनीं भयास स्वतंत्र चित्रभाषा दिली, हें त्यांचें श्रेय निर्विवाद आहे. पण तिकडे पडदे रंगवून भय उत्पन्न करण्याची किमया चालली असतां, पडदे रंगविण्यांत हयात घालविलेला कोल्हापूरचा कारागीर इकडे तेंच भय मल्लांच्या झुंजींतून उत्पन्न करीत होता, आणि दोघांसही एकमेकांची वार्ता नव्हती. मग आमचें मूळ त्यांच्यांत शोधण्याचें प्रयोजन काय?

फरक पडला तो पुढें, आणि तो जपणुकींत पडला. म्यूर्नाऊचा 'नोस्फेराटू' १९२२ सालीं आला. ब्रॅम स्टोकरच्या विधवेच्या फिर्यादीवरून १९२५ सालीं न्यायालयानें त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम केला. तरी इतरत्र गेलेल्या प्रतींमुळें तो वांचला. एडिसनच्या कंपनीचा १९१० चा 'फ्रँकेन्स्टाइन', ज्यांत पुतळा जाळून फीत उलटी फिरविली आहे व त्यायोगें राक्षस आगींतून घडत असल्याचें दाखविलें आहे, तो नाहींसा झाला असें धरून चालत असतां अमेरिकेंत विस्कॉन्सिनमधील एका संग्राहकाच्या घरीं निघाला. सैरंध्री मात्र गेली ती गेलीच. हिंदुस्थानांत सुमारें तेराशें मूकपट निघाले. त्यांपैकीं थोडेबहुत शिल्लक आहेत ते तीसही भरत नाहींत. नायट्रेटची फीत आपोआप पेट घेते, चांदीसाठीं वितळविली जाते, ओलीनें चिकटते. १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालें व फाळके यांच्या कुटुंबीयांकडून मिळालेल्या फिती तेथें जपल्या गेल्या, म्हणून कंसाचें मस्तक आम्हांस पाहतां तरी येतें. त्याच पुण्यांत ८ जानेवारी २००३ रोजीं नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागून पुष्कळ कांहीं गेलें. गुणाढ्याचें एक लक्ष तरी उरलें होतें.

म्हणून सैरंध्रीविषयीं यापुढें जो पुरावा मिळावयाचा तो फितींत नसून कागदांत मिळेल. हस्तलिखितांच्या गठ्ठ्यांत, वह्यांच्या पुठ्ठ्यांत, जुन्या रोजनिशींच्या पानांत अशीं चिटोरीं निघतात व विसाव्या शतकाचीं म्हणून बाजूस टाकलीं जातात. आमच्या संग्राहक बंधूंनीं ती संवय सोडावी. ज्यांच्या संग्रहीं १९१८ ते १९३२ च्या दरम्यानचीं मूकपटांचीं हस्तपत्रकें, कथासार-पुस्तिका, तिकिटें, छायाचित्रें अथवा खेळाचे हिशेब असतील, त्यांनीं त्यांवरील तारीख, गांव, थिएटरचें नांव व पटाची लांबी फुटांत दिलेली असल्यास ती उतरून मंडळाकडे पाठवावी. सैरंध्रीच्या दोन निरनिराळ्या वेळच्या पत्रकांवरील लांबी हातीं लागली तर किती भाग कापला गेला हें गणितानें सांगतां येईल. तसेंच पैठणी चित्रांचे संच ज्यांच्याकडे आहेत त्यांनीं ते फोडून एकेक चित्र विकूं नये, चिकटविलेल्या दोन बाजू सुट्या करूं नयेत, आणि क्रम बदलण्यापूर्वीं आहे तो क्रम लिहून ठेवावा. कोणत्या चित्राच्या पाठीस कोणता राक्षस होता, हें एकदां मोडलें म्हणजे पुनः जुळवितां येत नाहीं.